ज्याला भाव ठाऊक आहे

जुन्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मुखपृष्ठावर किंमत छापलेली असे. बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. या काळात किंमत पैशांवरून रुपयांवर गेली, पण ती नेहमी छापलेली होती. स्टॉलवाल्याला आणि हातात सुटे पैसे घेऊन उभ्या असलेल्या पोराला ती सारखीच वाचता येत होती. आज तोच अंक एखाद्या पेटीत किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात सापडला तर त्याची किंमत कुठेच लिहिलेली नसते. ज्याला ठाऊक असते त्यालाच ती ठाऊक असते. या लेखात मला जो प्रश्न मांडायचा आहे तो त्या ठाऊक असलेल्या माणसाविषयीचा आहे. त्याने समोरच्याला सांगावे का? सांगितले नाही तर तो अपराध म्हणायचा की नुसता धंदा?

प्रश्न कॉमिक्सचा आहे म्हणून कुणी हसण्याचे कारण नाही. ज्यांचे बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकांत गेले त्यांना ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ होऊन आल्याचे आठवत असेल. मँड्रेक जादूगार, त्याचा लोथार आणि १९७६ पासून आपल्याच मातीतला बहादूर. हा बहादूर आबिद सुरती यांनी निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. आबिद सुरतींचे नाव आमच्या घरांत कादंबरीकार किंवा चित्रकार म्हणून फार कुणाला माहीत नव्हते, पण बहादूर सगळ्या पोरांना पाठ होता. वडीलधारी मंडळी मात्र या पुस्तकांकडे नाक मुरडून पाहत. परीक्षा संपली की अंक रद्दीत जात आणि रद्दीतून शेंगदाण्याच्या पुड्यांत. वाचनालयांनी ती जपली नाहीत, शाळांनी तर नाहीच नाही. म्हणूनच जी उरली ती दुर्मीळ झाली, आणि दुर्मीळ झाली म्हणून त्यांचा बाजार उभा राहिला. आज मराठी इंद्रजालचा एखादा जुना, धडका अंक काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत जातो.

हा बाजार टपालावर चालतो. कळमेश्वरसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला दुसरा मार्गही नाही. नागपूर वीस-बावीस किलोमीटरवर आहे, पण सीताबर्डीच्या फुटपाथवर हवा तो अंक हवा त्या दिवशी मिळेल असे नाही. विकणारा कोल्हापुरात असतो, घेणारा काटोलला. पूर्वी हाताने लिहिलेली यादी आंतरदेशीय पत्रातून यायची, मनीऑर्डर जायची, मग महिनाभर वाट पाहायची. आता फोनवर फोटो येतो, पैसे क्षणात जातात आणि कुरिअरवाला दोन-चार दिवसांत दारात उभा राहतो. पोस्टाने पुस्तके पाठवायची स्वस्त सोय, रजिस्टर्ड बुक पोस्ट, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट नावाची नवी योजना आली, पण जुन्या सवयीचे विक्रेते अजून हळहळतात. सोयी बदलल्या तरी एक गोष्ट बदललेली नाही. वस्तू हातात येण्याआधी सौदा झालेला असतो.

ज्यांनी व्ही.पी.चा जमाना पाहिला त्यांना याची मौज आणि भीती दोन्ही माहीत आहेत. भारतीय टपाल खात्याने व्ही.पी.ची पद्धत १८७७ मध्ये सुरू केली. पोस्टमनच्या हातात पैसे ठेवल्याशिवाय पार्सल मिळत नसे, आणि पार्सल मिळाल्याशिवाय ते उघडता येत नसे. ग्राहकाने घेतले नाही तर जाण्यायेण्याचा खर्च विक्रेत्याच्या बोडख्यावर. म्हणजे दोघांनाही एकमेकांवर थोडा थोडा विश्वास टाकावा लागे आणि थोडा थोडा धोका पत्करावा लागे. घड्याळ मागवले आणि विटेचा तुकडा आला, अशा कहाण्या प्रत्येक गावात सांगितल्या जात. त्यातल्या निम्म्या खोट्या असाव्यात, पण त्या सांगितल्या जात हे खरे.

कॉमिक्सच्या बाबतीत विटेचा तुकडा येत नाही. येतो तो अंकच, पण मधले पान नसलेला. किंवा पिना गंजून पानाला भोके पडलेला. कसर लागलेला. कोडे पेनाने सोडवलेला. भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानाचा जांभळा शिक्का वेताळाच्या तोंडावर बसलेला. कधी दहा अंक एकत्र बांधून बाइंडरने कडा छाटलेल्या असतात. वाचायला उत्तम, पण संग्राहक त्याला हात लावत नाही. कधी मुखपृष्ठ मूळचे नसून रंगीत झेरॉक्स असते, आणि ते फोटोत ओळखू येत नाही. या सगळ्या गोष्टी विकणाऱ्याला माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात.

या बाजूचा न्याय तसा सोपा आहे. आपल्या फिकहने तो फार पूर्वी करून ठेवला आहे. हनफी मतात न पाहिलेली वस्तू विकत घेणाऱ्याला ती पाहिल्यावर सौदा मोडण्याचा अधिकार असतो. त्याला खियार-ए-रुयत म्हणतात. वस्तूत दोष निघाला तर त्यासाठी वेगळा अधिकार आहे, खियार-ए-ऐब. कोकणातले आपले शाफई बांधव याहून कडक. त्यांच्या मताप्रमाणे न पाहिलेल्या वस्तूची विक्री मुळात सहसा मान्यच होत नाही. रत्नागिरीचा संग्राहक आणि नागपूरचा संग्राहक एकाच अंकासाठी भांडले, तर मौलवीसाहेबांना आधी दोघांची मते विचारावी लागतील! धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या पैगंबर साहेबांची (स.) हदीस तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ओले धान्य वर ठेवा, लोकांना दिसू द्या, हा त्यातला आशय. गंजलेली पीन फोटोत दिसू द्या, इतकाच त्याचा आजचा अर्थ. देशाचा कायदाही येथवर साथ देतो. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असावीच लागते, आणि आधी न तपासलेला माल तपासून पाहण्याची संधी ग्राहकाला मिळावी लागते.

अवघड आहे ती दुसरी बाजू. तिच्याविषयी आपण कमी बोलतो. विकणाऱ्याला वस्तूची अवस्था माहीत असते, तसा घेणाऱ्याला तिचा भाव माहीत असतो. आणि जेव्हा विकणारा हा व्यापारी नसून पेटी रिकामी करणारा कुणी सामान्य माणूस असतो, तेव्हा अज्ञान त्याच्या बाजूला असते.

जगभर हा व्यवसाय याच अज्ञानावर उभा आहे असे म्हटले तर फार चूक होणार नाही. १९७७ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात चक रोझान्स्की या तरुण विक्रेत्याने एडगर चर्च नावाच्या चित्रकाराचा संग्रह त्याच्या कुटुंबीयांकडून विकत घेतला. हजारो अंक, बहुतेक चाळीसच्या दशकातले, जणू काल छापल्यासारखे. कुटुंबाला घर रिकामे करायचे होते आणि त्यांच्या लेखी तो पसारा होता. सौदा किरकोळ रकमेत झाला. तो कायदेशीर होता, जबरदस्ती कुणी केली नव्हती, आणि रोझान्स्की आला नसता तर सगळा ठेवा कचऱ्यात गेला असता. त्याचे टपालाने कॉमिक्स विकणारे दुकान पुढे त्या संग्रहाच्या बळावर मोठे झाले. याच्या उलट प्रसंग नोव्हेंबर २०२५ चा. कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना दिवंगत आईच्या माळ्यावर वर्तमानपत्रांखाली 'सुपरमॅन'चा १९३९ चा पहिला अंक सापडला. त्यांनी तो लिलावाच्या पेढीकडे नेला आणि तो ९१ लाख २० हजार डॉलरला गेला. दोन्ही घरांत एकच गोष्ट घडली होती. घरातल्या कुणीतरी प्रेमाने जपलेले घरच्या इतरांना सापडले. फरक एवढाच की एका घरापर्यंत भाव आधी पोहोचला, दुसऱ्या घरापर्यंत सौद्यानंतर.

यात चूक कुणाची, हा वाद दोन हजार वर्षांपूर्वीही झाला होता. रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांवर लिहिलेल्या ग्रंथात ऱ्होड्स बेटाचे उदाहरण घेतले आहे. बेटावर दुष्काळ पडलेला, अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो, आणि मागून आणखी जहाजे येत आहेत हे फक्त त्याला माहीत आहे. सांगावे का? एक तत्त्वज्ञ म्हणतो, वस्तूतला दोष सांग, बाकी गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे. दुसरा म्हणतो, सगळे सांग. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूने उभा राहतो. आपला १८७२ चा करार कायदा मात्र पहिल्याच्या बाजूचा आहे. बाजारभाव बदलल्याची बातमी एका व्यापाऱ्याला असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर पहिल्यावर ती सांगण्याचे बंधन नाही, असे कायद्याच्या कलम १७ खाली उदाहरण देऊनच म्हटले आहे. पण तिथे दोघेही व्यापारी धरलेले आहेत. माळ्यावरची पेटी काढणारी बाई व्यापारी नव्हे.

सिसेरोच्याच ग्रंथात स्काएव्होला नावाच्या एका खरेदीदाराची गोष्ट आहे. विकणाऱ्याने जमिनीची किंमत सांगितली तेव्हा तो म्हणाला, जमीन याहून जास्तीची आहे, आणि वर एक लाख नाणी मोजली. सिसेरो पुढे लिहितो की हे भल्या माणसाचे काम हे सगळे मान्य करतात, पण शहाण्या माणसाचे मानत नाहीत. अशीच गोष्ट आपल्याकडे इमाम अबू हनीफांविषयी सांगतात. ते कूफ्याचे कापडाचे व्यापारी. एक बाई वस्त्र विकायला आली, शंभर मागितले. इमामसाहेब म्हणाले, याची किंमत जास्त आहे. ती वाढवत गेली, ते जास्त सांगत गेले. शेवटी बाईला वाटले हे आपली थट्टा करत आहेत. सौदा पाचशेला झाला. ही गोष्ट आपण वाझमध्ये ऐकतो, माशाअल्लाह म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचे शटर वर करतो. रोमच्या लोकांनी निदान उघडपणे म्हटले की हे शहाणपणाचे नाही!

मला स्वतःला असे वाटत नाही की प्रत्येक संग्राहकाने अबू हनीफा व्हावे. त्याच्याही बाजूने बोलण्यासारखे आहे. त्याने वीस वर्षे घालवली, कोणता अंक मराठीत किती कमी उरला हे शिकून घेतले, रद्दीच्या गोदामांत धूळ खाल्ली. त्याची नजर ही त्याची कमाई आहे. प्रत्येक वेळी आपले सगळे ज्ञान फुकट वाटून टाकायचे असेल तर कुणी शोधाशोध करणार नाही आणि उरलेले अंकही पुड्यांत जातील. रद्दीवाल्याच्या दुकानात जाऊन, त्याने सांगितलेल्या भावाने, गठ्ठ्यातला एक अंक उचलणाऱ्याला मी दोष देणार नाही. रद्दीवाला धंदा करतो आहे. तो दहा जणांना विकतो, आज फसला तर उद्या शिकतो. भाव विचारायला त्याला बाजार आहे.

पण ज्याला बाजारच नाही त्याचे काय? इथे मला हदीसमधली एक मनाई नेहमी आठवते. शहरात माल घेऊन येणाऱ्या तांड्यांना वाटेत गाठून त्यांचा माल खरेदी करायला पैगंबर साहेबांनी (स.) मना केले. तांडा अजून शहरात पोहोचलेला नाही, भाव त्याला कळलेला नाही, आणि शहरातला चतुर माणूस दोन कोस पुढे येऊन उभा आहे. या मनाईत नफ्याला विरोध नाही. विरोध आहे तो माणूस आणि बाजार यांच्यामधला रस्ता अडवण्याला. आणि असा सौदा झालाच, तर विकणाऱ्याने शहरात येऊन भाव पाहिल्यावर तो मोडण्याचा अधिकार त्याला दिला आहे. हा अधिकार विकणाऱ्याचा आहे, हे लक्षात घेण्यासारखे. कारण न पाहिलेल्या वस्तूच्या बाबतीत तो फक्त घेणाऱ्याचा. हजरत उस्मान (र.) यांनी आपली दूरची जमीन हजरत तल्हा (र.) यांना विकली, दोघांपैकी कुणीही ती पाहिलेली नव्हती, आणि पाहण्याचा अधिकार तल्हांचा ठरला, हे 'हिदाया'त नमूद आहे. वस्तू न पाहिल्याची सवलत विकणाऱ्याला नाही. रस्ता अडवला गेला असेल तर मात्र त्याला दाद आहे.

आमच्या कळमेश्वर-काटोल भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. संत्र्याची बाग झाडावरच विकली जाते. व्यापारी येतो, बागेतून चक्कर मारतो, आंबिया किंवा मृगाचा बहार नजरेने तोलतो आणि आकडा सांगतो. फोन नव्हते तेव्हा दिल्ली-कलकत्त्याचा भाव व्यापाऱ्याच्या खिशात असे आणि शेतकऱ्याच्या कानावर तो बाग विकल्यावर येई. शेतकऱ्याची तक्रार व्यापाऱ्याच्या नफ्याविषयी क्वचितच असायची. ती असायची ती, "आम्ही विचारलं तवा सांगितलं नाही," याची.

'विचारलं तेव्हा' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचींच्या घरी दोन वर्षांपूर्वी एक पत्र्याची पेटी निघाली. चाचा रेल्वेत होते. नागपूरला ये-जा करताना स्टेशनवरच्या स्टॉलवरून इंद्रजाल घेत आणि घरी आणून पोरांच्या आधी स्वतः वाचत. ते गेल्यावर पेटी तशीच राहिली होती. भाच्याने फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या जिल्ह्यातून एका गृहस्थाचा फोन आला. सगळी पेटी घेतो, वजन करा, रद्दीच्या तिप्पट भाव देतो, कुरिअरचा खर्च माझा. चाची खूश. पार्सलवर पत्ता नीट अक्षरात लिहून द्या म्हणून त्यांनी मला बोलावले.

मी पेटी पाहिली आणि त्यांना सांगितले की हे वजनावर विकायचे नसते. भाच्याने फोनवर दोन-तीन ठिकाणचे भाव काढून दाखवले. चाची बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, पैशाचं जाऊ द्या. मी त्याला विचारलं होतं, इतक्या जुन्या पुस्तकांचं काय करतो रे बाबा? तर म्हणाला, काही नाही चाची, बचपन की याद."

त्या गृहस्थाचे उत्तर खोटे नसेलही. त्यालाही बालपण असणार आणि त्यात वेताळ असणार. पण चाचींनी विचारले होते ते त्याच्या बालपणाविषयी नव्हते. त्या एका प्रश्नापर्यंत त्याला गप्प राहण्याची मुभा होती असे मी मानायला तयार आहे. प्रश्न आल्यावर ती मुभा संपली. नेमका आकडा सांगायला तो बांधील नव्हता. "चाची, याला गिऱ्हाईक आहे, आणखी दोघांना विचारा, मग मला सांगा," एवढे म्हटले असते तरी तांडा शहरात पोहोचला असता. आणि मग त्याने चार पैसे कमी करून घासाघीस केली असती तर ती त्याची कमाई होती. कदाचित पेटी त्यालाच मिळाली असती. चाचींचा स्वभाव मला माहीत आहे. खरे बोलणाऱ्याला त्यांनी कमी भावातही दिली असती.

टपालाच्या व्यवहारात ही जबाबदारी कमी होते असे पुष्कळांना वाटते. समोरासमोर बसून चाचींच्या हातचा चहा घेऊन कुणी असे बोलला नसता. फोनवर जमते. अंतर वाढले की लाज पातळ होते, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. मला मात्र हिशोब उलटा दिसतो. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा वाचता येतो, शेजारच्याला हाक मारता येते, वस्तू मागे ओढून घेता येते. फोनवरच्या माणसाजवळ यातले काही नसते. त्याच्याजवळ फक्त तुम्ही जे सांगाल ते असते. मग जास्त सांगायची गरज कुठे आहे?

पेटी शेवटी दुसऱ्या एका ग्राहकाकडे गेली. त्याने प्रत्येक मुखपृष्ठाचा फोटो मागवला, अंकाप्रमाणे भाव लावला आणि एक अडचण सांगितली. चाचांना प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव आणि तारीख लिहायची सवय होती. या धंद्यात तो दोष. त्यापायी किंमत उतरते. चाचींना हे काही केल्या पटेना. "लिहिलंय म्हणून तर कळतं ना कुणाचं आहे ते!" त्यांनी अकरा अंक बाजूला काढून ठेवले. कोणते आणि का, ते मी विचारले नाही.

पार्सल बांधायचे दिवस पावसाचे होते. आम्ही दहा-दहा अंकांचे गठ्ठे केले, वर-खाली पुठ्ठा घातला, प्लास्टिकमध्ये गुंडाळले. ग्राहकाने पैसे आधीच पाठवले होते आणि फोटो पाहून तो समाधानी होता. त्याने आणखी काही विचारलेले नव्हते. तरी चाची कागद घेऊन ये म्हणाल्या. भाव त्यांना अजून पाठ झाले नव्हते, पण पेटीतला एक एक अंक पाठ होता. त्या पाने उलटत सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. यात चहा सांडला आहे. याचं मागचं पान धाकट्यानं कापलं होतं, वाघ हवा होता त्याला. याची पीन मी काढून दोरा घातलाय, त्याला सांगा दोरा माझा आहे.